संपणारं औषध

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुमच्याशी बोलत होते, तेव्हा माझ्या मागे फ्रिजवर एक खोका होता. त्यात मी बटणं आणि सुया ठेवते. सईने बोलता बोलता खोक्यावरचं नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला : "आजी, हे कॅन्सरचं औषध आहे. तू तर म्हणाली होतीस रक्त कमी आहे."

रक्त कमी होतं हे खरं होतं. पण ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं तुम्ही आता नेटवर वाचलं आहे. नेटवर माझं वय, माझं घर आणि तुमचे आजोबा नाहीत. म्हणून मी स्वतः लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्यालाही सगळं माहीत नाही.

मला हा आजार इथे इंदुरात, डोळ्यांच्या दवाखान्यात कळला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यात थेंब घालून झाले होते, डोक्यावर ती हिरवी टोपी चढवली होती, आणि डॉक्टर हातात एक कागद घेऊन आत आले. "मॅडम, आँख बाद में देख लेंगे. पहले ये खून किसी को दिखाइए." तो सी.बी.सी.चा रिपोर्ट होता, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी मोजणी. पांढऱ्या पेशी जितक्या असाव्यात त्याच्या कितीतरी पट होत्या. मी टोपी काढून घडी घातली आणि नर्सला परत दिली. ती फेकायची असते, हे मला माहीत नव्हतं.

पुढचा आठवडा लॅबच्या बाकांवर गेला. मग फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी झाली. तिच्यात प्रत्येक पेशीच्या अंगावरच्या खुणा पाहून ती कोणत्या जातीची आहे ते ओळखतात. त्यानंतर आम्ही दोघं रक्ताच्या डॉक्टरांसमोर बसलो. त्या उज्जैनच्या, वयाने तुमच्या बाबाएवढ्या. सगळे त्यांना डॉक्टर मॅडम म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणेन.

"क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया," त्या म्हणाल्या. "सी.एल.एल."

लिम्फोसाइट म्हणजे जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी. ती आपलं काम करते आणि ठरल्या वेळी मरते. या आजारात तिची एक बिघडलेली जात तयार होते. ती काम करत नाही आणि मरतही नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकांनी रोज स्टाफरूममध्ये येऊन खुर्च्या अडवाव्यात आणि नव्या लोकांना बसायला जागा उरू नये, तसं होतं. क्रॉनिक म्हणजे हे सगळं सावकाश, वर्षानुवर्षं चालतं.

"अभी कुछ नहीं करना है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

तुमच्या आजोबांना आता फक्त उजेड आणि माणसाचा आकार दिसतो. ते आवाजाच्या दिशेने वळले. "कुछ नहीं मतलब? औषध तरी?"

"दवा भी नहीं, अंकल. तीन महीने बाद मिलेंगे."

याला वॉच अँड वेट म्हणतात. लक्ष ठेवायचं आणि थांबायचं. पेशी नुसत्या वाढल्या म्हणून औषध दिलं तर फायदा होत नाही, त्रास मात्र होतो. त्रास सुरू झाला की औषध. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. पण समजून काही उपयोग झाला नाही.

मी आयुष्यभर शाळेत पोरांना सांगत आले की काम समोर आलं की करून टाकावं. इथे काम समोर होतं आणि हात लावायची परवानगी नव्हती. मी कपाटं आवरली. आवरून झालेली पुन्हा आवरली. सकाळी लालबागेत फिरायला जायचे ते चालण्याऐवजी जवळजवळ पळू लागले. भाजी घेताना, बँकेत उभी असताना, माझी बोटं आपोआप मानेवर जायची, गाठ लागते का पाहायला. आजोबा म्हणायचे, "अगं, बस जरा." मी बसायचे आणि उठायचे.

अशी तीन वर्षं गेली. या काळात फक्त तुमच्या बाबाला माहीत होतं. तुम्हाला सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते.

मग मानेत खरंच गाठी आल्या, काखेतही. झोपेतून उठले की ब्लाउज भिजलेला असायचा. हिमोग्लोबिन उतरलं. आणि एक दिवस सकाळी आजोबांना पेपर वाचून दाखवताना मला अग्रलेखाच्या मध्येच धाप लागली. ते म्हणाले, "आज हेडलाइनच वाच. बाकी सगळं खोटंच लिहितात."

औषध सुरू करण्याआधी डॉक्टर मॅडमनी आणखी दोन तपासण्या करायला लावल्या. एक फिश. हिचा माशाशी संबंध नाही. पेशीच्या गुणसूत्रांचा एखादा तुकडा गळून पडला आहे का ते तिच्यात दिसतं. दुसरीत आजाराचा स्वभाव किती आक्रमक आहे ते कळतं. या दोन्हींवरून औषध ठरतं.

पूर्वी या आजाराला केमोथेरपी देत. ती चांगल्या-वाईट सगळ्याच पेशींना झोडपते. आता टार्गेटेड थेरपी आहे, म्हणजे बिघडलेल्या पेशीच्या नेमक्या कळीच्या जागी बोट ठेवणारी औषधं. माझ्यासमोर दोन रस्ते होते. पहिल्यात बी.टी.के. इनहिबिटर नावाची गोळी. बिघडलेल्या पेशीला 'जगत राहा' असा जो संदेश सतत मिळत असतो, तो ही गोळी अडवते. घरी बसून घ्यायची, पण जोवर काम करते आहे तोवर घेतच राहायची. दुसऱ्यात व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी. बिघडलेल्या पेशींमध्ये त्यांना मरू न देणारं एक प्रथिन साठलेलं असतं. ही गोळी ते निकामी करते आणि पेशी आपणहून मरतात. तिच्या जोडीला सलाइनमधून एक इंजेक्शन, ओबिनुट्युझुमॅब, पहिले काही महिने. दवाखान्याच्या खेपा जास्त, रक्ततपासण्या जास्त. पण एक वर्षात औषध बंद.

"आपके लिए दोनों ठीक हैं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "घर में कौन है?"

तो खरा प्रश्न होता. घरात मी आणि आजोबा. त्यांचं जेवण, त्यांचे डोळ्यांचे थेंब, जिन्यावरचा हात, सगळं मी. त्या रात्रीच्या फोनवर तुमचा बाबा म्हणाला, "आई, तू नुसत्या गोळीवालं घे. नाहीतर वर्षभर बाबांना पुण्याला आत्याकडे ठेवू. तिथे बाई आहे, लिफ्ट आहे."

पुण्याला, त्यांच्या बहिणीकडे, त्यांना संडास कुठल्या बाजूला आहे ते माहीत नाही. इथे ते अंधारातही सरळ चालतात, कारण त्यांना सगळीकडे अंधारच आहे आणि घर पाठ आहे. वर्षभरासाठी गेलेलं या वयाचं माणूस परत येतं का, हे मी आमच्याच ओळखीत पाहिलं आहे. पण जन्मभराची गोळी, म्हणजे पुन्हा न संपणारं काहीतरी, तेही माझ्या अंगात बसत नव्हतं. मी स्पीकर चालू केला.

आजोबा म्हणाले, "मला कुठे पाठवायचं ते ठरवताय, तर पार्सलवर पत्ता नीट लिहा. सुदामानगर, इंदूर. पाठवणाराही तोच, घेणाराही तोच."

मी वर्षाचं औषध निवडलं. बाबाने अट घातली : काही गडबड झाली की तो येणार आणि त्यांना घेऊन जाणार. मी हो म्हटलं. तेव्हापासून मला आजारापेक्षा गडबडीची भीती जास्त वाटू लागली.

पहिल्या सलाइनच्या दिवशी मला इतकी थंडी वाजली की पलंग हलत होता. याला इन्फ्यूजन रिअॅक्शन म्हणतात. शरीर नव्या औषधाला ओळखत नाही आणि बिथरतं. नर्सने सलाइन थांबवलं, इंजेक्शन दिलं, मग पुन्हा सावकाश सुरू केलं. तुमच्यापैकी कुणी कधी कुणाच्या अशा पलंगापाशी बसलं तर घाबरू नका. पहिल्यांदाच असं होतं, बहुतेक.

शेजारच्या खुर्चीवर सांवेरचे बाबूलालजी होते. सांवेर रस्त्यावर त्यांच्या दोन बसेस चालतात. त्यांना हाच आजार, पण फिशमध्ये त्यांचा एक महत्त्वाचा तुकडा गळालेला निघाला, म्हणून त्यांना पहिल्या रस्त्याची, कायमची गोळी. ते तपासणीसाठी रक्त द्यायला आले होते. दंडावर निळे डाग होते. ही गोळी घेताना जरा टेकलं तरी डाग पडतात, ते म्हणाले.

"मैडम, आपका तो बी.एड. है. एक साल में पास होके घर," ते म्हणाले. "अपनी तो पक्की सरकारी नौकरी लगी है. रिटायरमेंट ही नहीं."

"कंटाळा नहीं आता?" मी विचारलं. माझं हिंदी असंच आहे, तुम्हाला माहीत आहे.

"आता है ना. फिर सोचता हूँ, बस भी तो रोज वही सांवेर जाती है."

मला हसू आलं आणि त्याबरोबर पुन्हा हुडहुडी भरली.

व्हेनेटोक्लॅक्स एकदम पूर्ण देत नाहीत. अगदी लहान गोळीपासून सुरू करून दर आठवड्याला थोडी थोडी वाढवतात. याला रॅम्प-अप म्हणतात. कारण बिघडलेल्या पेशी एकदम खूप मेल्या तर त्यांचा कचरा रक्तात येतो आणि मूत्रपिंडांना तो झेपत नाही. त्या धोक्याचं नाव ट्यूमर लायसिस सिंड्रोम. तो टाळायचा तर पाणी प्यायचं, तहान नसताना, पोट फुगेपर्यंत, दिवसभर.

पाण्याचं खातं आजोबांनी घेतलं. विद्युत मंडळात जन्म गेलेला माणूस. काम मिळाल्याबरोबर पाठ ताठ झाली. माठापाशी उभे राहून, भांड्याच्या काठाला बोट लावून ते पाणी भरायचे. बोट ओलं झालं की भांडं भरलं.

"हात धुतले का?" मी विचारायचे.

"धुतले. आणि तू मागचं भांडं संपवलंस का? आवाज नाही आला."

"अहो, माणूस पाणी पितं त्याचा आवाज येतो का?"

"तुझा येतो. नाराजीचा."

आठवडे पुढे गेले. मानेतल्या गाठी जणू कुणी उचलून नेल्या. मी आरशापुढे उभी राहून चाचपत होते आणि बोटांना काही सापडत नव्हतं. आता सगळं सुरळीत होणार असं मला वाटलं, आणि नेमक्या त्याच महिन्यात रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल खाली आले. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू आले की पहिले धावून जाणाऱ्या पेशी. औषधाने बिघडलेल्यांबरोबर थोड्या याही कमी होतात.

"न्यूट्रलची तार तुटली म्हण," आजोबा म्हणाले. "मग घरातलं काहीही जळू शकतं."

डॉक्टर मॅडमनी सांगितलं : ताजं, गरम शिजवलेलं खायचं. गर्दीत जायचं नाही. आणि ताप शंभरच्या वर गेला तर गोळी न घेता सरळ इकडे. "क्रोसिन मत लेना. पहले आना."

होळीनंतर आपल्याकडे शीतला सप्तमी येते. तुम्ही ती पाहिलेली नाही. त्या दिवशी माळव्यात घरोघरी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी केलेलं सगळं देवीला दाखवून थंडच खायचं. आपल्या घरात महाराष्ट्रातून हा सण आलेला नाही. माझ्या सासूबाईंनी तो शेजारणीकडून घेतला, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या दिवशी आमचाही गॅस बंद. शेजारच्या पुष्पाभाभी दर वर्षी ताट आणतात : पुऱ्या, दह्यातला गोड भात, त्याला त्या ओलिया म्हणतात, आणि कैरीची चटणी.

मी दारातच म्हटलं, "भाभी, इस साल मेरा मना है. डॉक्टरने ताजाच सांगितलंय."

"डाक्टर तो कहेंगे ही, काकीजी. पर माताजी को परसाद है. थोड़ो-सो ली लो. माता तो बीमारी ठंडी करे."

त्यांच्या डोळ्यांत खरी माया होती. माझ्या आजाराचं इंदुरात फक्त त्यांनाच माहीत होतं; त्यांनी देवीला काय मागितलं असेल ते मला दिसत होतं. आणि आपलं घर त्या दिवशी थंड, गॅस बंद, आजोबा माझ्याआधी हात पुढे करून बसलेले. मी दोन चमचे ओलिया खाल्ला. फार चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंग कसकसलं. थर्मामीटर शंभरच्या वर. मला फोन कुठे आहे ते माहीत होतं. पण फोन केला की दवाखाना, दवाखाना म्हणजे गडबड, आणि गडबड म्हणजे बाबाचं विमान आणि आजोबांची बॅग. मी क्रोसिन घेतली. ताप उतरला. मी उठून कपडे वाळत घातले, डाळ निवडली, पुन्हा थर्मामीटर लावला, पुन्हा निवडलेलीच डाळ निवडली. दाराशी जायचे आणि परत यायचे. संध्याकाळी अंगावर पुन्हा काटा आला.

आजोबांना मी पाण्याचं भांडं परत देत होते. त्यांच्या बोटांना माझी बोटं लागली.

"तुला ताप आहे."

"नाही हो, चहा केला आत्ता, म्हणून."

"चहा नाही केलास. वास नाही आला." ते उठले, भिंतीला हात लावत फोनपाशी गेले, आणि डॉक्टर मॅडमना त्यांनी स्वतः फोन लावला. मग खिडकीतून ओरडले, "पुष्पाऽऽ! गाडी काढायला सांग रामचंदरला!" रामचंदरजी म्हणजे पुष्पाभाभींचे यजमान. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

दवाखान्यात अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. डॉक्टर मॅडम रागावल्या, पण आवाज न चढवता. "आंटी, क्रोसिन ने बुखार छुपाया, बीमारी नहीं. आप पढ़ी-लिखी हैं." न्यूट्रोफिल कमी असताना आलेला ताप काही तासांत जिवावर उठू शकतो, हे त्यांनी मला दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मान डोलावली होती. व्हेनेटोक्लॅक्स थांबवलं. न्यूट्रोफिल वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली. रक्त कल्चरला गेलं, म्हणजे त्यात कोणता जंतू वाढतो ते पाहायला.

तेव्हा मला मरणाची भीती वाटली का? वाटली. पण डोळ्यासमोर आजोबा येत होते, जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकटे. मी दर थोड्या वेळाने घरी फोन लावत होते. नर्स म्हणाली, "आंटी, आप सोती क्यों नहीं?" सांगणार काय तिला.

पुष्पाभाभींनी दुसऱ्या दिवशी फोनवर रडायला सुरुवात केली. "मैंने ही खिला दिया, काकीजी. मेरे हाथ से हुआ."

कल्चरमध्ये काही निघालं नाही. ताप त्या भातामुळे आला की कशामुळे, ते डॉक्टर मॅडमनाही सांगता आलं नाही, आणि मी ते भाभींना त्याच दिवशी सांगितलं. पण पुढच्या वर्षी शिळं नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगले साल माताजी को ठंडो चढ़ाऊँगी, और आपके लिए गरम खिचड़ी बनाऊँगी. माताजी नाराज होंगी तो मुझसे होंगी."

आणि आजोबा? ते भाभींकडे दोन वेळा जेवत होते. रात्री आपल्याच घरी झोपत होते; रामचंदरजी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर. डोळ्यांचे थेंब आजोबा स्वतः घालायला शिकले, आधी गालावर, मग डोळ्यात. चहाही केला. "साखर अंदाजाने," त्यांनी फोनवर सांगितलं. "अंदाज चुकला. पण प्यायलो."

तुमचा बाबा आला. त्याने बॅग आणली होती, रिकामी, आजोबांचे कपडे भरायला. दोन दिवस त्याने घरात सगळं पाहिलं. आजोबा माठापाशी उभे, बोट काठाला. भाभी जाळीच्या दारातून हाक मारणाऱ्या, "काकाजी, खाना!" तिसऱ्या दिवशी तो माझ्या पलंगाशी बसला आणि म्हणाला, "आई, ती बॅग मी तुझी पुस्तकं न्यायला वापरतो." एवढंच. त्याच बॅगेतून सईला माझा तो जाड इंग्रजी शब्दकोश आला. आता तुला कळलं तो का आला.

न्यूट्रोफिल वर आले. गोळी पुन्हा सुरू झाली, कमी मात्रेत, आणि मधे एकदाच थोडी थांबवावी लागली. उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी झाली. शेवटची गोळी मी सकाळी पोह्यांनंतर घेतली. मग रिकामा खोका पुसून ठेवला.

तुमच्या ओळखीत कधी कुणाला हा आजार झाला तर हे सांगा : नुसतं थांबायला सांगितलं तर ती हयगय नसते. औषध निवडताना घरात कोण आहे ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कारण औषध घर पाहून ठरतं. ताप आला तर गोळीने दाबू नका, आणि दाबण्याचं कारण कितीही मायेचं असलं तरी नाही. ही औषधं ज्यांनी शोधली आणि ज्यांनी ती सगळ्यांच्या आधी स्वतःवर घेऊन पाहिली, त्या लोकांना मी ओळखत नाही. माझ्या वयाची कुणीतरी बाई त्यांत असेल. तिचे आभार मी कुठे मानू ते कळत नाही, म्हणून इथे मानते.

औषध संपल्यावर मेझरेबल रेसिड्युअल डिसीज नावाची तपासणी झाली. साध्या मोजणीत दिसत नाही इतका उरलेला आजार ती शोधते. माझा निकाल : थोडा उरला आहे. अगदी थोडा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अभी कुछ नहीं करना है." मी बाहेर आले आणि लालबागेला फेरी मारली, भराभर. बसणं मला अजूनही जमत नाही.

म्हणून ईशान, तू विचारलंस तर "बरी झाले" असं मी म्हणणार नाही. माझ्या रक्तात तो आजार अजून आहे, कमी, शांत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा डोळा स्वच्छ आहे. आजोबा आहेत, सुदामानगरच्या घरात, कुठेही न गेलेले. मीही तिथेच आहे.

तुमची,
आजी